नाकाचं माप

आंबील तळाला लागली हे प्रणालीला मागच्या अंगणात मनूचे लंगोट वाळत घालतानाच कळलं. करपलेल्या ज्वारीचा कडवट वास खिडकीतून सरळ दोरीपर्यंत आला. ओला लंगोट खांद्यावर टाकून ती धावतच आत गेली. वंदनाताईनं, तिच्या थोरल्या जावेनं, पातेलं चुलीवरून उतरवलं होतं आणि पदराचं टोक दातांत धरून ती त्याच्याकडे पाहत उभी होती.

"मी फक्त वड्याचं पीठ पाहाले वळली वं," ती कुजबुजली. "तेवढ्यात लागली मेली."

"वरची वरची दुसऱ्या भांड्यात काढू का?"

"काढली तरी वास जाईन काय? अन् चाखून पाहाव तं तेही नाई."

चाखायची सोयच नव्हती. डाखोऱ्यांच्या घरच्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, तीन पिढ्यांच्या. दुसऱ्या दिवशीचा नैवेद्य दाखवून होईपर्यंत सोळा भाज्यांतल्या एकीलाही कुणाची जीभ लागायची नाही. मीठमिरचीचा निवाडा मारोतराव करायचे, तो नाकानं. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचे. सुनेनं एकेक झाकण उचलायचं, त्यांनी वाकून एक श्वास घ्यायचा आणि सांगायचं, कढी अळणी आहे, पुरणात जायफळ वाढवा. लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्यांत प्रणालीनं हे पाहिलं तेव्हा तिला हसू दाबावं लागलं होतं. बी.एस्सी.ला तीन वर्षं रसायनशास्त्र शिकलेली ती. मिठाला कुठं वास असतो? पण पंगतीत कढी खरोखर अळणी लागली होती, आणि तिनं मनातल्या मनात सासऱ्यांना हात जोडले होते.

आता ते उंबऱ्याशी आले. सत्तरीचा, काटक, ताठ माणूस. त्यांच्यामागे सासूबाई, सुभद्राबाई, हातात फुलांचं तबक घेऊन.

"उचला झाकनं," मारोतराव म्हणाले.

वंदनाताईनं कढीचं झाकण उचललं. "औंदा कढीत मीठ कमीच पडलं वाटते," सुभद्राबाई मागून सहज पुटपुटल्या.

मारोतरावांनी वाकून श्वास घेतला. "मीठ कमी हाये."

पातळभाजीचं झाकण उघडलं. "हे बरी झाली म्हना," पुन्हा सुभद्राबाईच.

"बरी हाये."

प्रणालीचा हात आंबिलीच्या झाकणावर होता. तिनं मान वर करून सासूबाईंकडे पाहिलं. सुभद्राबाईंची नजर तिला चुकवून पातेल्याच्या काळवंडलेल्या काठावर गेली आणि तिथंच क्षणभर थांबली.

"आंबील तं झकास जमली," त्या म्हणाल्या.

झाकण उचलताच करपट वाफ भस्सकन वर आली. वंदनाताईनं तोंड फिरवलं. मारोतराव अगदी खाली वाकले, डोळे मिटून त्यांनी छातीभर श्वास घेतला, आणि समाधानानं मान हलवली.

"झकास. माह्या मायच्या हातची याद आली."

ते देवघराकडे निघून गेले. वंदनाताईला हसू फुटायच्या बेतात होतं. "वाचलो बाप्पा! आज बाबाचं नाक झोपलं हाये."

प्रणाली हसली नाही. तिच्या हातात झाकण तसंच होतं, आणि तिला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवलेला फवारणीचा निळा ड्रम दिसत होता.

*

फवारणीचं औषध कालवणं हेही मारोतरावांचंच काम. चाळीस वर्षं. फक्त आपल्या शेताचं नव्हे. आजूबाजूचे पाचसहा जण आपापल्या ड्रमशी त्यांना बोलावून नेत. डब्याच्या झाकणानं मोजणं त्यांना पोरखेळ वाटायचा. ते दोनतीन डबे फोडायचे, थोडं थोडं ओतायचे, तुराटीनं, तुरीच्या वाळक्या काडीनं, ढवळायचे आणि ड्रमवर वाकून हुंगायचे. नाकात झिणझिणी आली की बस. "आता अळीचा बापही वाचत नाई," असं म्हणून ते तुराटी धुऱ्यावर फेकायचे.

गेली दोन वर्षं ते रागावलेले असायचे. औषधात दम राहिला नाही, कंपन्या पाणी विकतात, पहिल्यासारखा वास येत नाही. आणि राग निघायचा तो थोरल्या मुलावर, विलासवर. कारण विलास तालुक्याच्या कृषी केंद्रात कामाला होता आणि घरचं औषध तोच आणायचा. तेवढ्यावरून बापलेकांचं बोलणं तुटलं होतं. सणावारी विलास येई, पाया पडे, जेवे, निघून जाई.

रिकामे डबे प्रणाली पुरायची. मनूच्या हाताला लागू नयेत म्हणून गोठ्यामागे खोल खड्डा करून ती ते स्वतः टाकायची. पूर्वी एका फवारणीला तीन डबे निघत. यंदा सात. तिनं ते पाहिलं होतं आणि यंदा अळी जास्त असेल असं स्वतःला सांगितलं होतं.

मागच्या शनिवारी तिचा नवरा हेमंत पंप उतरवून घरी आला तो भिंत धरत. घाम नुसता निथळत होता, तोंडातून लाळ, दोनदा ओकला. सगळे म्हणाले, ऊन लागलं. कपाशीची पराटी यंदा डोक्याच्या वर गेली होती, फवारा वर मारला की अंगावरच परत यायचा, पण ते कुणी बोललं नाही. लिंबूपाणी झालं, कांदा झाला. प्रणालीनं त्याचे डोळे उघडून पाहिले. बुबुळांतले ठिपके टाचणीच्या टोकाएवढे झाले होते. तिनं मनूला सासूबाईंच्या मांडीवर टाकलं आणि त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय फवारलं? किती घातलं होतं?

"बाबाले माहीत," एवढंच हेमंत बोलू शकला.

दोन दिवसांनी तो घरी आला. उद्या गौरी उठल्या की परवा सकाळी उरलेल्या तीन एकरांची फवारणी ठरली होती.

*

देव जेवत होते. महालक्ष्म्यांपुढे पानं मांडून दार लोटून घेतलं होतं. प्रणालीनं सासूबाईंना मागच्या अंगणात गाठलं.

"आई, मामाजींना वास येत नाही ना?"

सुभद्राबाई तांब्यातलं पाणी तुळशीला घालत होत्या. धार थांबली नाही.

"कधीपासून?"

"तुले काय करा लागते?"

"आई."

"परसालच्या आधीच्या सालापासून," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "एक दिवस दूध उतू गेलं, जळलं, सारं घर धुरानं भरलं, अन् हे बाजूले बसून पंचांग वाचून राह्यले. तवा मले समजलं. त्याइले तं अजूनही नाई समजलं. मी पुढं पुढं सांगत जाते, ते हो म्हनत जाते. कोनाचं काय बिघडलं वं त्याच्यात? कढीत चिमूटभर मीठ कमीजास्त."

"आणि ड्रममध्ये?"

"ड्रममंदी कायचं?"

"ते औषध वासावर घालतात, आई. वास येईपर्यंत ओतत जातात. येतच नाही, म्हणून ओततच जातात. तीनाचे सात डबे झाले. ह्यांना ऊन नव्हतं लागलं शनिवारी."

तांब्या सुभद्राबाईंच्या हातात तिरपाच राहिला. पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं. त्या फवारणीच्या वेळी कधी शेतात जात नसत. जेवणाची शिदोरी धुऱ्यावर ठेवून परतायच्या. प्रणालीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. स्वयंपाकघर आणि शेत ही त्यांच्या लेखी दोन वेगळी नाकं होती.

"मंग सांग त्याइले," त्या म्हणाल्या. "पन आज नाई. आज घरात लक्ष्म्या हायेत, सारे जमले हायेत. त्या मानसाले भरल्या पंगतीत खाली पाहाले लावू नको. उद्या मी सोता सांगते. हात जोडते तुले."

सासूनं सुनेपुढे हात जोडलेले प्रणालीनं आजवर पाहिले नव्हते. तिनं ते धरून खाली केले. "उद्या नक्की?"

"लक्ष्म्यांची आन."

परवाची फवारणी होती. उद्या चालला असता. प्रणालीनं मान डोलावली.

*

पंगत ओसरीवर बसली. पुरुष एका बाजूला. मधोमध मारोतराव, मांडीवर नऊ महिन्यांची मनू. ती त्यांच्या जानव्याशी खेळत होती. विलासनं आंबिलीचा पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"करपली हाये."

"काई नाई करपली," मारोतराव म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते त्याच्याशी थेट बोलत होते. "मी पाह्यली. झकास झाली."

"बाबा, तोंडात धूर लागून राह्यला."

"शहरात राहून राहून तुह्या तोंडाले घरचं गोड लागत नाई आता." पंगतीत कुणीतरी हसलं. मारोतरावांना चेव आला. "जिथं औषधात पानी विकते तिथल्या नोकराले आंबिलीतलं काय समजते?"

"बाबा, सणाच्या दिवशी राहू द्या," हेमंत म्हणाला.

"काहून राहू देऊ? याच्या डब्यायनं माही पराटी मारली. सात सात डबे वततो, अळीले काई फरक नाई पडत. हा म्हनते माल असली हाये. असली!"

"असलीच हाये," विलास म्हणाला. "मी डबे सीलबंद आनून देतो. तुमी मले दोन साल चोर म्हनून राह्यले. मी कधी उलटून बोललो? पन आज सांगतो, चोर नाई मी."

"नाई? मंग दाखवतो आता साऱ्याइले."

मनूला कडेवर घेऊनच मारोतराव उठले. ओसरीच्या टोकाला, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात परवासाठीचे डबे आणून ठेवले होते. डब्यावरचा लाल त्रिकोण, जहाल विषाची खूण, प्रणालीला वाढायच्या जागेवरून दिसला. हातातलं वड्यांचं ताट तिनं वंदनाताईकडे लोटलं. मारोतराव एक डबा घेऊन परत आले, आसनावर बसले, मनू पुन्हा मांडीवर, आणि एका झटक्यात त्यांनी झाकण फिरवून काढलं.

"घ्या! हुंगा! येते काय वास?"

ओसरीभर तो वास पसरला. सडका, लसणीसारखा, घशाला चिरत जाणारा. विलासनं शेला नाकाला लावला. बायकांचे पदर तोंडावर गेले. हेमंत वाकून खोकू लागला, शनिवारचंच सगळं पुन्हा त्याच्या घशाशी आल्यासारखा. मारोतरावांनी डबा स्वतःच्या नाकाशी धरला आणि आंबिलीवर घेतला होता तसाच छातीभर श्वास घेतला.

"पानी! निव्वय पानी!"

मनूनं डब्याकडे हात केला.

"मामाजी, झाकण लावा!"

प्रणाली पंगतीतली पानं ओलांडत गेली. असं ओलांडून ती उभ्या आयुष्यात कधी गेली नव्हती. तिनं मनूला त्यांच्या मांडीवरून अक्षरशः ओढून घेतलं. पोरगी भोकाड पसरून रडू लागली.

"काय झालं वं? पानी हाये म्हनतो नं मी!"

"पाणी नाहीये. तुम्हाला वास येत नाही."

बोलून गेल्यावर तिला सासूबाईंचे जोडलेले हात आठवले. आता उशीर झाला होता.

मारोतरावांनी आधी तिच्याकडे रागानं पाहिलं. मग पंगतीवरून त्यांची नजर फिरली. एकेका चेहऱ्यावर थांबत गेली. प्रत्येक नाकावर पदर होता, रुमाल होता, हात होता. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सगळ्यात शेवटी त्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिलं. त्यांच्याही नाकावर पदर होता. तो त्यांनी घाईनं खाली केला, आणि त्या घाईनंच सगळं सांगून टाकलं.

मारोतरावांनी झाकण शोधलं. ते पानाखाली घरंगळलं होतं. विलासनं ते उचलून दिलं, त्यांनी घट्ट लावलं, डबा कोनाड्यात ठेवला आणि ते गोठ्यात निघून गेले. त्यांचं पान अर्धंच राहिलं.

*

"साऱ्या घरापुढं?" हेमंत आतल्या खोलीत तिच्यावर उखडला. "माह्या बापाले? एकटं घेऊन सांगता नाई आलं तुले?"

"येत होतं. उद्या सांगणारही होते. मनूला मांडीवर घेऊन डबा उघडला त्यांनी."

"तरी."

"डॉक्टरांनी विचारलं होतं, किती घातलं. आठवतं? तुम्ही म्हणालात बाबाले माहीत. बाबांनाही माहीत नव्हतं, हो." मनूचे हात ती चौथ्यांदा साबणानं धूत होती, त्या इवल्या मुठी उघडून, बोटांच्या बेचक्यांतून. "मी रोज तुमचे कपडे वेगळे धुते. मग हात धुते. मग हिला पाजायला घेते, आणि तेव्हाही मनात येतं, नीट धुतले का? मला सांगा, मी कुणाच्या नाकाकडे पाहून निर्धास्त राहू?"

हेमंत खाटेवर बसला. त्यानं टॉवेल पुढे केला.

दाराशी वंदनाताई येऊन उभी होती. "हे गोठ्यात गेले," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "बाबाजवय बसले हायेत. मले वाटलं आता ऐकवतीन बापाले, दोन सालाचं सारं काढतीन. तं नुसते बसले हायेत, बैलाच्या पाठीवर हात फिरवत. दोघंही." मग तिनं प्रणालीकडे पाहिलं. "आंबील मी करपवली अन् बोलनी तू खाल्ली. पुढच्या साली चूल तू सांभाळ."

*

दिवेलागणीला हळदीकुंकवाच्या बायका आल्या. त्यांच्यामागून प्रसादाला माणसं. शेजारच्या शेताचा पुरुषोत्तम सगळ्यांत आधी आला. त्याच्याही ड्रमशी मारोतराव गेल्या आठवड्यात गेले होते. पायरी चढताना तो पाय चाचपून टाकत होता.

"आबाजी, परवा तुमचं उरकलं की माह्याकडे या, गा. किती वाजता येता कालवाले?"

मारोतराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. हळदीकुंकवाची लगबग चालूच होती, पण प्रणालीच्या लक्षात आलं की घरातली सगळी माणसं जिथं आहेत तिथं थांबली आहेत.

"तुह्ये डोये कसे हायेत?" मारोतरावांनी विचारलं.

"जरा धुरकट दिसते. उन्हानं असन. चालते."

"तुह्या ड्रममंदी मी किती वतलं व्हतं?"

पुरुषोत्तम हसला. "मले काय माहीत? तुमी नाकानं वतता."

"तेच तं." मारोतरावांनी नाकावरून एकदा बोट फिरवलं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. "माह्या नाकाले वास येत नाई, पुरुषोत्तम. दोन साल झाले. मले आज समजलं."

पुरुषोत्तमला ही थट्टा वाटली. तो आणखी हसला, मग विलासच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं हसू आवरलं.

"ऊन नाई लागलं तुले. उद्या सकायी हेमंतसंगं यवतमायले जा, रक्त तपासून या. डॉक्टर म्हनत नाई तवरी दोघायनंही पंपाले हात लावाचा नाई. बाकीच्याइले मी सोता जाऊन सांगतो, ज्याच्या ज्याच्या ड्रमवर वाकलो त्या साऱ्याइले."

"पन अळी, आबाजी? बोंडं फोडून राह्यली नं."

"खाऊ दे दोन दिवस. मंग डब्यावर लिवलं असते किती टाकाचं ते. विलास मोजून देईन. बारीक अक्षरं हायेत, विलासले जमलं नाई तं माही सून वाचून दाखवीन." ते तिच्याकडे न पाहताच म्हणाले. "ते सारं पाह्यते. पाह्यते अन् ध्यानात ठेवते."

हे कौतुक की टोमणा, प्रणालीला नीट कळलं नाही. दोन्ही असावं. सात डबे मोजूनही दोन महिने गप्प बसलेली तीच होती. तेवढं तिचं तिला कळलं.

पुरुषोत्तम प्रसाद घेऊन गेला. बायका पांगल्या. सुभद्राबाई आंबिलीची वाटी घेऊन आल्या आणि नवऱ्यासमोर खाली बसल्या.

"दुपारपासून उपाशी हा. घ्या."

मारोतरावांनी वाटी नाकाशी नेली, सवयीनं; अर्ध्यावर हात थांबला आणि खाली आला.

"तू सांगतलं नाई मले."

"नाई सांगतलं."

"काहून?"

"तुमी इतक्या खुशीनं 'उचला झाकनं' म्हनत व्हते. कसं सांगाव?" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मले वाटलं, कढीपुरतंच हाये."

मारोतराव वाटीतल्या राखाडी आंबिलीकडे पाहत राहिले. प्रणाली खांबाशी उभी होती. मनू तिच्या खांद्यावर झोपली होती, साबणाच्या वासाची.

"खरी कशी झाली हे? आता सांग."

"करपली हाये."

"कशी करपली?"

सुभद्राबाईंनी वाटी स्वतःकडे घेतली, नाकाशी धरली, डोळे मिटले. "तव्यावर भाकर ठेवून बाई बोलत राह्यली की येते नं, तसा. काठाची भाकर. वरून काया, अन् आत..."

"आत?"

"आत ताकाचा आंबट. थोडा. अद्रकीचाही येऊन राह्यला, मागून."

मारोतरावांनीही डोळे मिटले होते.

"अजून सांग," ते म्हणाले.